सलूहाने न प्यालेलं दूध

आमच्या स्फाक्स शहरात जोडे बनवणारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायाकडे. कोणाची टाच बाहेरच्या अंगाने झिजते, कोण एकाच पायावर भार टाकून उभं राहतं, कोण गर्भार आहे आणि अजून सासूला सांगितलेलं नाही, हे सगळं आम्हांला चपलेचा तळ सांगतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सलूहाने चपला काढून पाय पसरले होते. मी त्यातली एक सहज उचलून उलटी केली. टाच नवीकोरी. पुढचं टोक मात्र कुत्र्याने चघळल्यासारखं.

"खालती, चप्पल घासत चालतेस काय?" मी विचारलं. खालती म्हणजे आमच्याकडे मावशी.

"मी नाही घासत. तीच मला घासत नेते," ती म्हणाली. "ठेव खाली. माझी आहे, गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. चप्पल खाली ठेवून पावात हरीसाची तिखट चटणी आणि ट्यूना मासा भरून खात बसले. टाच न टेकता टोक का झिजेल, हा प्रश्न जोडे शिवणाऱ्या बाईला पडायला हवा होता. मला पडला नाही.

सलूहा चौपन्न वर्षांची. बाब जेबली वेशीच्या आत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचा मालक सी जलेल, म्हणजे जलेलशेठ, याचा जोड्यांचा कारखाना. त्यात तिची बावीस वर्षं गेलेली. अकरा बायका, चार पुरुष, एक खिडकी. आम्ही सगळ्या तिला खालतीच म्हणायचो. स्वतः सी जलेलसुद्धा म्हणायचा, आणि तो तिच्याहून सहा वर्षांनी मोठा होता.

तिचं काम चिकटवण्याचं. उघड्या डब्यात ब्रश बुडवायचा, तळाला सोल्युशनचा एक हात, वरच्या कातड्याला एक हात, थांबायचं, मग दुसरा हात, पुन्हा थांबायचं. किती थांबायचं हीच खरी कला. लवकर जोडलं तर सरकतं, उशिरा जोडलं तर धरत नाही. बाकीच्या मुली घड्याळ बघायच्या. सलूहा बोटाची मागची बाजू हळूच टेकवायची, लहान पोराच्या कपाळाला लावावी तशी, आणि म्हणायची, "आता." तिने चिकटवलेला जोडा कधी परत आला नाही. नवरीचे जोडे तिच्याचकडे द्यायचे असा मालकाचा हुकूमच होता.

खिडकी बंद. वारा लागला की सोल्युशनवर साय धरते, मग ते काही कामाचं राहत नाही. म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. त्या चिंध्या मालकाने नाही कोंबल्या, आम्हीच कोंबल्या. जोड्यांच्या नगावर मजुरी, साय धरलेला डबा म्हणजे आमचाच तोटा. नवीन पोरगी आली की दुपारपर्यंत तिचं डोकं गरगरायचं. आम्ही सांगायचो, पहिला महिना सगळ्यांनाच चढते, मग वास येणंच थांबतं. आणि खरंच थांबायचं. संध्याकाळी हात साबणाने निघायचे नाहीत, म्हणून थिनरने धुवायचे.

आणि सकाळी दहा वाजता दूध. माणशी अर्ध्या लिटरचं एक खोकं.

ते दूध मी आणलं होतं. हे सांगताना बारा वर्षं माझी छाती फुगत होती, म्हणून आधीच सांगून टाकते. मी त्या कारखान्यात शिलाई मशिनवर. शाळा सहावीत सुटली. कामगारांचा कायदा मी जुन्या बाजारातून आणलेल्या एका पुस्तकातून शिकले. त्याची पहिली चाळीस पानं फाटलेली होती. मालकाचे हक्क बहुतेक त्या पानांत असावेत, कारण मला ते कधी कळलेच नाहीत. बसमा नावाची एक मुलगी एकदा टेबलावरच डोकं टाकून बेशुद्ध पडली, तेव्हा मी सगळ्यांना ब्रश खाली ठेवायला लावले. इदेला वीस दिवस होते. पोराटोरांचे नवे जोडे लाकडी फर्म्यावर अर्धवट चढलेले. चार दिवसांत सी जलेल वाकला आणि दूध सुरू झालं. विष पोटात गेलं की दूध त्याला पकडतं आणि बाहेर काढतं, हे आमच्याकडे रंगवाल्यांना माहीत, बॅटरीवाल्यांना माहीत, आमच्या आईबापांना माहीत. गावात कुठेही गेले की लोक म्हणायचे, ही ती नबीहा, दूधवाली. मला ते आवडायचं.

सलूहा आपलं खोकं प्यायची नाही. पिशवीत टाकून घरी न्यायची. घरी तिचा बाप, अम्मार, तोंडात एकही दात नाही. पाव दुधात भिजवून त्याला भरवायची. नवरा केव्हाच गेलेला, मूल नव्हतं, बाप हेच तिचं मूल. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. उलट मोंजी, जो फर्म्यावर जोडे चढवायचा, तो तीन-तीन खोकी प्यायचा. ज्यांना दूध आवडत नव्हतं त्या आपलं त्याच्यापुढे सरकवायच्या. "मोंजीच्या अंगात विष शिरायला जागाच नाही," असं आम्ही म्हणायचो, आणि मोंजी पोटावर थाप मारून म्हणायचा, "तपासून बघा, लोणी निघेल."

अम्मार एक्क्याण्णव वर्षांचा होऊन गेला. त्यानंतरही सलूहा दूध घरी नेत राहिली, शेजारणीच्या नातवंडाला द्यायला. बावीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही घेतलेलं मला आठवत नाही.

चप्पल पाहिली त्यानंतर महिनाभराने तिने ब्रशच्या दांड्याला चिंधी गुंडाळली. "बारीक झालाय, निसटतो," म्हणाली. ब्रश तोच होता. मग ती बोट टेकवून "आता" म्हणायची ते चुकायला लागलं. दोनदा जोडे सरकले. मालकाने नवरीचे जोडे दुसरीकडे दिले, आणि सलूहा नुसती बोटांकडे बघत राहिली, जणू ती बोटं म्हणजे पाहुणे होते आणि न सांगता निघून गेले होते. जिन्यावर तिचं पाऊल आधी टोकाने आपटायचं आणि मग फटकन सपाट पडायचं. एकतीस पायऱ्या. ती येतेय हे आम्हांला आवाजावरून कळायचं. एका सकाळी तो आवाज मध्येच थांबला आणि धप्प झालं.

मी तिला ओढत मोठ्या इस्पितळात नेलं. ओढत म्हणजे अक्षरशः. कामगारांच्या आजारांच्या विभागात डॉक्टर सिहेम म्हणून आहेत, चाळिशीच्या, आवाज बारीक पण पटकन मुद्द्यावर येणाऱ्या. त्यांनी सलूहाच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. डोळे मिटायला लावून बोटं चिमटली. सलूहा म्हणाली, "सुरू करा की, डॉक्टर." डॉक्टरांचं करून झालं होतं.

मग तारा, सुया, यंत्र. शेवटी त्यांनी सांगितलं: सोल्युशन पातळ राहावं आणि पटकन वाळावं म्हणून त्यात हेक्झेन घालतात. ते श्वासातून आत जातं, कातडीतूनही जातं, आणि नसांची सगळ्यात लांबची टोकं आधी मारतं. पायाची बोटं, हाताची बोटं. त्या डब्यांपासून आजपासून लांब. तरीसुद्धा अजून दोन-तीन महिने वाढेल, मग थांबेल, मग हळूहळू काही परत येईल. किती, ते सांगता येणार नाही.

त्यांनी एक कागद दिला. हा आजार कामामुळे झाला असं लिहून, सलूहाने सही करून तो महिन्याच्या आत सरकारी कचेरीत द्यायचा. दिला तर तो कामाचा आजार. तिला आधार मिळेल, कारखान्यात तपासणी होईल. नाही दिला तर घरी बसलेली एक आजारी बाई, बस्स.

"वाचून सही करते," सलूहा म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

बाहेर पडताना ती बाकावर बसली असताना मी मागे फिरून डॉक्टरांना विचारलं, "आणि दूध? आम्हांला तर दूध मिळतं."

त्या दमल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या. हा प्रश्न त्यांना रोज कोणीतरी विचारत असणार. "दूध पोटात जातं, नबीहाबाई," त्या म्हणाल्या. "हे फुप्फुसात जातं. दोघांची गाठच पडत नाही."

मी हे सलूहाला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, सतराव्या दिवशीही नाही.

सतरा दिवसांत कागदावर सही झाली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात परात घेऊन बसली होती, भाजलेल्या सातूच्या पिठात तेल कालवत. बसीसाचं हे पीठ कालवायला बारीक बोटं लागत नाहीत, मूठ चालते.

"सही कुठंय?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"बस तरी आधी."

"बसायला नाही आले मी. खालती, तेरा दिवस राहिलेत. तुला काय वाटतं, तो कागद स्वतः चालत जाणार आहे?"

"त्याचे पाय माझ्यापेक्षा बरे असतील," ती म्हणाली. मग पिठाकडे बघत म्हणाली, "मी नाही सही करणार, नबीहा. खोटी सही होईल ती."

"खोटी? तुझ्या बोटांत सुया घातल्या त्या खोट्या?"

"दूध मी प्याले नाही ना." तिने तळहातावरचं पीठ परातीच्या कडेला पुसलं. "मालकाने दिलं. बारा वर्षं दिलं. मी नेऊन बापाला पाजलं. औषध दिल्यावर घेतलं नाही, त्यात मालकाचा काय दोष? मग मी कुठल्या तोंडाने लिहून देऊ?"

"हे तुला कोणी सांगितलं?"

कोपऱ्यात मक्रूद मिठाईचा डबा होता, मोठ्या दुकानाचा, रिबीन बांधलेला. मला उत्तर कळलं.

"सी जलेल येऊन गेला. चांगलं बोलला," ती म्हणाली. "म्हणाला, खालती, तू दूध घरी नेत होतीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी कोणाला सांगणार नाही. पण कागद गेला तर चौकशी होईल, मग मला सांगावं लागेल. नबीहा, लोक काय म्हणतील? अम्मारने लेकीचं औषध खाल्लं असंच म्हणतील ना? मेलेल्या माणसाला कशाला त्यात ओढायचं."

मला इतका संताप आला की मी तो डबा लाथेने उडवला असता. उडवला नाही, कारण संताप नक्की कोणावर होता हे मला कळत होतं. एक वाक्य बोलले असते तर तिचं ओझं तिथेच उतरलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि मी पाणी मागितलं, पाणी प्याले आणि निघून आले.

मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा सलूहा कारखान्यात आली. बसायची उशी आणि ॲप्रन न्यायला. जेवणाची सुट्टी. जिन्यावर तो आवाज ऐकून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणी मिठी मारली, कोणी ऑलिव्ह पुढे केले. बसमा म्हणाली, "खालती, तुझ्याशिवाय इथे सगळे जोडे सरकतात." "मग मोजे विका," सलूहा म्हणाली.

मोंजी जागेवरून उठला, तिची उशी आणून द्यायला. भिंतीला हात टेकत उठला. मी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"मोंजी, जोडा काढ."

"का गं? जेवताना? वास येईल."

"काढ म्हणते ना."

"लग्नाला नको म्हणालीस तेव्हा, आता जोडे काढायला लावतेस," तो म्हणाला. पण काढला. मी तो उलटा करून जेवणाच्या कागदावर ठेवला, पावाशेजारी. त्याची टाच साबूत. टोक पार गेलेलं, आतलं पुठ्ठ्याचं अस्तर दिसत होतं. तिथे पंधरा माणसं होती आणि पंधराही जोडेवाली. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"जिन्यात जरा अडखळतो हल्ली," मोंजी म्हणाला. "वजन वाढलंय म्हणून."

"किती दूध पितोस दिवसाला?"

"तीन खोकी. तुम्हीच तर देता." मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

मी सलूहाकडे वळले. पुढचं मी बसून बोलले, उभं राहून जमलं नसतं. "खालती, दुधाने काही होत नाही. कधीच होत नव्हतं. डॉक्टरने मला इस्पितळातच सांगितलं, त्याच दिवशी. मी तुला सांगितलं नाही."

"का?"

"कारण मग दुसरंही सांगावं लागलं असतं," मी म्हणाले. "संपाच्या चौथ्या दिवशी सी जलेलने मला एकटीला खाली बोलावलं होतं. म्हणाला, भिंत फोडून हवा खेचणारा पंखा बसवतो, नाहीतर रोज दूध देतो. एक काय ते बोल, दोन्ही नाही. मी दूध म्हणाले. पंख्याने सोल्युशनवर साय धरेल, तुम्ही मलाच शिव्या द्याल असं वाटलं. आणि दूध रोज हातात दिसतं. पंखा कोणी आणला हे लोक वर्षभरात विसरले असते."

मग कोपऱ्यातून दर्सफ, आमची सगळ्यात तिखट शिलाईवाली, म्हणाली, "म्हणजे बारा वर्षं आम्ही तुझी जाहिरात पीत होतो."

मी मान खाली घातली.

"अन् रमजानमध्ये तर आपण सगळ्याच दूध घरी नेतो," बसमा हळूच म्हणाली, स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखी. "दिवसभर रोजा. आणि सोल्युशनचे डबे तेव्हाच दुप्पट."

सलूहा एवढा वेळ उशी मांडीवर धरून बसली होती. तिने विचारलं, "म्हणजे मी प्याले असते तरी?"

"तरी हेच झालं असतं."

"मग बाबाने प्यालं ते..."

"बरं झालं त्याने प्यालं. पोटात तरी गेलं कोणाच्या."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, तिच्या अंगात तेवढंही उरलं नव्हतं. भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले. "या इदेला मी त्याच्या कबरीवर गेले नाही," ती म्हणाली. "सगळे गेले. मी पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय दुखत नव्हते, पायात काही कळतच नव्हतं. मला त्याचा राग आला होता. म्हटलं, म्हाताऱ्या, तू माझी बोटं खाल्लीस."

तेवढ्यात सी जलेल दारात आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "काय, सभा भरलीय का? खालती, कशी आहेस?"

"बरी आहे," सलूहा म्हणाली. "सी जलेल, जरा पेन दे."

त्याने खिशातलं पेन काढून दिलंसुद्धा. मग मी पिशवीतून कागद काढला. तेव्हा त्याचा हात हवेत तसाच राहिला. परत मागणार तरी कसं?

पेन सडपातळ, तिच्या बोटांत ते राहीना. दोनदा पडलं. मोंजी एका पायात जोडा नसताना तसाच उठला, अस्तराच्या कापडाची पट्टी घेतली, पेनाला चार वेढे दिले आणि तिच्या मुठीत ठेवलं. तिने आपल्या नावाची तीन अक्षरं काढली, तिला तेवढीच येतात. पेन पट्टीसकट मालकाला परत दिलं.

"आणि लिही," ती मला म्हणाली. "दूध घरी नेलं तेही लिही. बाबाचं नाव घालून लिही."

"त्यांना आयतं कोलीत मिळेल."

"मिळू दे. मला लपवून लपवून कंटाळा आलाय."

मी तेच पेन मालकाकडून परत मागून लिहिलं. त्याच्या खाली एक ओळ माझी घातली, की दूध मागणारी मी होते. माझ्या हातचा तो सगळ्यात वाईट अक्षरातला कागद आहे.

सात महिने गेले. सलूहाचा कागद मान्य झाला, पैसे मात्र आम्ही मागितले होते त्याच्या निम्म्याहून कमी. मोंजीचा कागद अजून फिरतोय. तपासणीवाले आले, भिंत फुटली, पंखा बसला. सोल्युशनवर साय धरते, रोज धरते, मुली मला शिव्या देतात. दूध बंद झालं. दर्सफ आणि आणखी एक, दोघी माझ्याशी बोलत नाहीत. खोक्यातलं अर्धं दूध त्या घरी न्यायच्या, त्यावर त्यांची लेकरं वाढत होती. मला कोणी दूधवाली म्हणत नाही. दुसरं काही म्हणत असतील, तोंडावर नाही म्हणत.

परवा सलूहाकडे गेले. दारातच बसली होती, उन्हात. हाताच्या दोन बोटांत मुंग्या येतात आता, म्हणाली, डॉक्टर म्हणतात ती चांगली खूण आहे. पायाचं काही नाही अजून. अम्मारच्या कबरीवर दोनदा जाऊन आली, शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून. लांब आहे, दमायला होतं.

मी टेकले. मलाही दमल्यासारखं झालं होतं. ती आत गेली, ते फट फट पाऊल आत गेलं आणि बऱ्याच वेळाने परत आलं. तिने दोन्ही हातांनी धरून एक पेला माझ्यापुढे ठेवला. दुकानातून आणलेलं दूध, थंड, वरून थोडं सांडलेलं.

"पी," ती म्हणाली. "काही होत नाही त्याने."

मी सगळं प्याले.